मागच्या अ‍ॅक्सलची घरघर: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं दोनच गाड्यांबद्दल आहेत, जिप्सी आणि जुनी जीप. तक्रारही एकच आहे, मागून आवाज येतो आणि दुरुस्तीचा अंदाज ऐकून घाम फुटतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझी जिप्सी किंग आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे मागून ‘घूं’ असा आवाज सुरू होतो आणि ६० ला बोलणं ऐकू येत नाही. गॅरेजवाले म्हणतात क्राऊन-पिनियन गेलं, अख्खा अ‍ॅक्सलच बदलून टाका. एवढा खर्च झेपणारा नाही. न खोलता खात्री करता येईल का? (एक वाचक, सातारा)

बरीचशी करता येईल, आणि खोलण्याआधीच करायला हवी. क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी, हा मागच्या अ‍ॅक्सलमधला सर्वांत महाग भाग, म्हणून त्याचं नाव आधी घेतलं जातं. पण घूं-घूं करणाऱ्या गाडीत आधी तपासायचे ते टायर, चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, आणि तेल. यांतलं काहीही डिफ्रन्शियल, म्हणजे क्राऊन-पिनियन असलेला मधला गोळा, उघडायला लावत नाही.

पहिला संशयित टायर. जाड गुटक्यांचे चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर गातातच, आणि गुटके एका बाजूने झिजून करवतीसारखे झाले की तो आवाज थेट बेअरिंगसारखा येतो. त्याच वेगात डांबरावरून मऊ मातीच्या रस्त्यावर उतरा. आवाज बदलला किंवा गेला तर तो टायरचा, कारण गिअरला खाली रस्ता कुठला आहे याचं काही देणंघेणं नसतं. शंका उरली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून पाहा. आवाज पुढे सरकला तर प्रश्न मिटला.

आता रिकामा, सपाट रस्ता निवडा. ज्या वेगाला आवाज येतो तिथे गाडी न्या आणि गिअर न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका, किल्ली तर मुळीच फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. न्यूट्रलमध्येही आवाज चाकांच्या वेगाबरोबरच चालू राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. मग पुन्हा गिअरमध्ये घेऊन तीन गोष्टी ऐका: अ‍ॅक्सिलरेटर दाबताना, पाय पूर्ण काढल्यावर आणि वेग जेमतेम टिकेल इतकाच पाय ठेवल्यावर. या तिन्हींत सूर स्पष्ट बदलत असेल, म्हणजे दाबताना किंचाळतो आणि पाय काढला की गप्प होतो किंवा उलट, तर बोट पिनियनकडे जातं: तिचे बेअरिंग किंवा क्राऊनशी बसलेली तिची दातजोड. तिन्हींत एकच सपाट घरघर असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा क्राऊनच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंग. त्याच वेगात गाडी हलकेच डावी-उजवी झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं.

‘टक-टक’ असेल तर मोजा. २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक दहा सेकंदांत सुमारे २६ फेरे घेतं. टकटक तेवढीच असेल तर दोष चाकात, ब्रेक ड्रममध्ये किंवा क्राऊनच्या एखाद्या दातात. त्याच्या तीन-चार पट वेगाने, मोजता न येण्याइतकी असेल तर पिनियन किंवा प्रोपेलर शाफ्ट. ड्रममध्ये अडकलेल्या खड्याने लोकांचा अ‍ॅक्सल उघडायला लावू नये, म्हणून ही मोजणी.

यानंतर गाडीखाली जा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा अ‍ॅक्सल उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. विटांवर नको. वीट सांगून फुटत नाही. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा. एक चाक हाताने सावकाश फिरवा आणि दुसरा तळवा त्या बाजूच्या लीफ स्प्रिंगवर, अ‍ॅक्सलजवळ ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळव्याला कळते. मग चाक वर-खाली धरून हलवा. आता प्रोपेलर शाफ्ट: क्रॉसच्या दोन्ही बाजू हातांत धरून उलटसुलट पिळा. क्रॉसच्या टोप्यांत हालचाल दिसली किंवा टोपीभोवती तांबूस पूड दिसली तर तो क्रॉस संपला. ती पूड म्हणजे गंज, ग्रीस केव्हाच आटलं आहे. शेवटी पिनियनचा फ्लँज, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो ती चकती, धरून पुढे-मागे आणि वर-खाली ओढा. गोल फिरवताना थोडा मोकळेपणा असणारच, पण आत-बाहेर किंवा वर-खाली जराही चाल जाणवली तर पिनियनचे बेअरिंग झिजले किंवा नट ढिली झाली. हे एवढंच लक्षण डिफ्रन्शियल उघडायला पुरेसं आहे.

चाकं हवेत ठेवून इंजिनवर फिरवण्याची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. एकट्याने करू नका. एक चाक अडकलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं, आणि स्पीडोमीटर ते दाखवत नाही.

जिप्सीला एक सोय आहे जी सगळ्या गाड्यांना नसते. मागचा प्रोपेलर शाफ्ट चार-चार बोल्ट काढून पूर्ण उतरवता येतो. फ्लँजवर आधी छिन्नीने खूण करा, नाहीतर पुन्हा लावताना शाफ्ट थरथरेल. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (ताकदीपासून सोडवणारे हब) असतील तर लॉक करा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ‘फोर हाय’मध्ये टाका आणि फक्त पुढच्या चाकांच्या ओढीवर दोन किलोमीटर फिरून या. आवाज गेला तर तो शाफ्टच्या क्रॉसमध्ये होता किंवा भाराखाली पिनियनमध्ये. राहिला तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा ट्रान्सफर केस. हो, ट्रान्सफर केस! जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली असते. रबर फाटलं की तिची गुरगुर गाडीच्या तळातून मागे जाते आणि शिव्या बिचाऱ्या अ‍ॅक्सलला बसतात.

तेल शेवटी सांगतो आहोत, पण खर्च पाहिला तर पहिलं. आधी भरायचा बूच उघडा, मगच खालचा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला तर गाडी जागची हलणार नाही. बुचाच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर काळजी नको, ती रोजची झीज. चमकते पापुद्रे, दाताचा तुकडा किंवा बेअरिंगच्या रोलरचा कपचा मिळाला तर गाडी चालवणं थांबवा. भरायचं ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी-९०, डब्यावर जीएल-५ असं लिहिलेलं. मागच्या अ‍ॅक्सलला सुमारे दीड लिटर लागतं. गाडी सपाट जागी ठेवून बुचाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं की झालं.

प्रश्न: मागचं उजवं बेअरिंग गेलं आहे हे नक्की झालं. फिटर म्हणतो अ‍ॅक्सल शाफ्टसकट बदला. फक्त बेअरिंग बदलता येत नाही का? (एक वाचक, चंद्रपूर)

येतं. शाफ्टवर बेअरिंगच्या बैठकीला किंवा ऑइल सील जिथे घासतं तिथे खोल खाच पडली असेल तरच शाफ्ट बदलावा. ताडोबाकडच्या धुळीत सफारीला फिरणाऱ्या जिप्सींची सीलं धुळीनेच जातात, आणि सील गेल्यावर बेअरिंग. म्हणून बेअरिंग बदलताना सील नवं घालायचंच, त्यात काटकसर नको.

तेल काढून टाका, नाहीतर शाफ्ट ओढताच ते ब्रेकवर येईल. चाक काढा. ड्रम बसला असेल तर त्याच्या तोंडावर दोन आटे असतात, त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आलटून-पालटून आवळा, ड्रम आपोआप बाहेर येतो. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरची नळी सोडून तिचं तोंड बंद करा. बॅक प्लेटच्या (ब्रेक ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्याच्या) मागचे चार नट काढा. आता शाफ्ट बॅक प्लेटसह बाहेर ओढायचा आहे. ओढण्याचं खास हत्यार नसेल तर ड्रम उलटा करून स्टडवर घाला, चाकाचे नट चार-पाच आटे फिरवून तसेच ढिले ठेवा आणि ड्रम जोरात स्वतःकडे झटका. ड्रम नटांवर आपटतो आणि शाफ्ट सुटतो. दोन-तीन झटक्यांत काम होतं. बोटं मात्र ड्रमच्या मागे नसावीत.

बेअरिंग शाफ्टवर एका पोलादी कड्याने अडवलेलं असतं. हे कडं ओढून निघत नाही. ग्राइंडरने ते एका जागी कागदाइतकं पातळ होईपर्यंत घासा आणि मग छिन्नीच्या एका घावाने फोडा. ग्राइंडरचं चाक शाफ्टला लागता कामा नये. लागलं तर तिथून शाफ्ट पुढे कधीतरी मोडेल. बॅक प्लेट, सीलची बाजू आणि बेअरिंगची दिशा कशी होती याचा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बेअरिंग उलटं बसवलं तर सगळं पुन्हा करायचं.

नवीन बेअरिंग घेताना गाडीचं मॉडेल सांगून भागवू नका, जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक दाखवा आणि माहितीतल्या कंपनीचंच घ्या. बसवणं लेथवाल्याकडच्या प्रेसवर करून घ्या: आधी बेअरिंग पूर्ण टेकेपर्यंत, मग नवीन कडं, दोन्ही वेगवेगळे. दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगवर हवा. बाहेरच्या रिंगवर दाबलं की गोळ्यांचे व्रण रिंगमध्ये उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागतं. कडं तापवून लाल करू नका, त्याची पकड जाते, आणि ती गेली तर चालत्या गाडीतून शाफ्ट चाकासकट बाहेर सरकतो. जुनं कडं पुन्हा वापरायचा सल्ला कोणी दिला तर गॅरेज बदला.

सीलच्या ओठाला ग्रीस लावून शाफ्ट हळूच आत घ्या. टोकाच्या स्प्लाइन (दातेरी खाचा) सीलवर घासल्या तर नवं सील तिथेच फाटतं. शेवटी ब्रेकमधली हवा काढा, तेल भरा.

प्रश्न: वडिलांची जुनी डिझेल जीप आहे. मागच्या हबचं काम झाल्यापासून रिव्हर्स टाकताना आणि वळताना ‘टक्’ होतं. चाक हाताने आत-बाहेर हलतं. डिफ्रन्शियल गेलं का? (एक वाचक, जुन्नर)

मागच्या हबच्या मधोमध मोठी खाचेची नट आणि कॉटर पिन दिसते का ते पाहा. दिसत असेल तर तुमचा अ‍ॅक्सल विलिस घराण्यातला, निमुळत्या शाफ्टचा आहे. महिंद्राने १९४७ पासून विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि त्या घडणीचा अ‍ॅक्सल पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे चालला. त्यात शाफ्टचं टोक शंकूसारखं, त्यावर हब किल्लीने, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी पाचरीने, बसवलेला.

दोन दोष संभवतात. पहिला, नट कमी आवळली गेली. ती निदान २० किलो-मीटर ताकदीने आवळायची असते, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब पाइपच्या टोकाला सुमारे ३५ किलोचा जोर. चाक जमिनीवर असताना आवळा. कॉटरचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे कधीच सोडू नका. शंकू आणि हबची आतली बाजू कोरडी हवी, तिथे ग्रीस नको. सैल हब किल्ली चिरडतो, आणि गिअर बदलताना येणारी टक् बहुधा तीच. हब काढायला जाड पुलरच लागतो. शाफ्टच्या टोकावर घण घालणारा मिस्त्री तो दणका आतून, दोन्ही शाफ्टच्या मधल्या ठोकळ्यामार्गे पलीकडच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो, मग ‘दुसऱ्या बाजूचंही बेअरिंग गेलंय’ असं सांगतो.

दुसरा दोष शिमचा. या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टची आत-बाहेरची चाल बॅक प्लेट आणि हाउसिंग यांच्यामधल्या शिमनी, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्यांनी, ठरते, आणि ती ०.०३ ते ०.१५ मिलिमीटर हवी. काम करताना शिम हरवली किंवा जास्तीची घातली गेली की चाक हलायला लागतं. शिम काढली की चाल कमी होते, घातली की वाढते. मधला ठोकळा मधोमध राहावा म्हणून दोन्ही बाजूंच्या शिमची जाडी शक्यतो सारखी ठेवा. मोजायला डायल गेज हवा. लेथवाल्याकडून तासभर मागून आणा. चाल शून्य करून ‘घट्ट’ बसवायच्या मोहात पडू नका, टेपर बेअरिंग तापून जळेल.

प्रश्न: शेवटी पिनियनच्या फ्लँजला चाल सापडलीच. आता नवीन क्राऊन-पिनियन घेऊ की जुन्या बाजारातून अख्खं डिफ्रन्शियल? (एक वाचक, कोल्हापूर, असंच एक पत्र चिपळूणहूनही)

तिसरा मार्ग आधी पाहा. जिप्सीचं डिफ्रन्शियल पुढच्या बाजूने अख्खं उतरतं: तेल काढायचं, दोन्ही शाफ्ट थोडे बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा आणि हाउसिंगभोवतीचे नट. जड असतं, दोघं लागतात. टेबलावर घेऊन केरोसिनने धुवा आणि दात उजेडात पाहा. दात गुळगुळीत, काळेनिळे न पडलेले, कड शाबूत असेल तर फक्त बेअरिंग बदला: पिनियनचे दोन, बाजूचे दोन, पिनियनचं सील, दबणारी नळी म्हणजे क्रश स्पेसर, आणि पिनियनची नट. एवढंच सामान. दातांवर खवले, खड्डे किंवा जळल्याचा रंग असेल तर बेअरिंगवर पैसे घालवू नका, आवाज तसाच राहील.

बेअरिंग काढण्याआधी बाजूच्या टोप्यांवर सेंटर पंचने खुणा करा, डावी एक ठिपका, उजवी दोन. त्या अदलाबदल होत नाहीत. दातांमधली मोकळीक आधी मोजून लिहून ठेवा. जिप्सीला ती ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असते, पण झिजलेल्या जोडीत थोडी जास्त निघेल. जुने दात परत वापरताना जुनीच मोकळीक आणि पिनियनखालची जुनीच शिम परत आणायची असते. एकमेकांवर झिजलेल्या दातांना ‘नव्यासारखं’ बसवलं तर ते दुसऱ्याच जागी घासतात आणि आधीपेक्षा जास्त ओरडतात. नव्वद टक्के मेहनत करून गाडी जास्त आवाज करायला लागली असं जे सांगतात, त्यांच्याकडे बहुधा हेच झालेलं असतं.

क्रश स्पेसर एकदाच वापरायची. पिनियनची नट आवळत गेलं की ती दबते आणि बेअरिंगवर ताण येतो. थोडं आवळा, मोजा, पुन्हा थोडं. ताण जास्त झाला तर नट मागे घेऊन चालत नाही, नवी नळी घालून पहिल्यापासून. म्हणून दोन आणा. मोजायला महागडं हत्यार नको, दोरी आणि स्प्रिंगचा काटा पुरतो. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून काट्याने सावकाश ओढा. फ्लँज सारखा फिरत असताना काटा जे दाखवतो त्याला दोरीच्या त्रिज्येने गुणायचं. मॅन्युअलमध्ये १२ किलो-सेंटिमीटर लिहिलं असेल आणि त्रिज्या ३ सेंटिमीटर असेल तर काट्यावर ४ किलो दिसले पाहिजेत. हे मोजताना पिनियन एकटी हवी, क्राऊन बसवलेला नको.

दातजोड पाहायला मार्किंग ब्लू किंवा जुन्या फिटरांचा तेलात कालवलेला शेंदूर आठ-दहा दातांना पातळ लावा, क्राऊन हाताने अडवत पिनियन दोन्हीकडे फिरवा. शेंदुरात शिसं असतं, हात धुवून मगच चहा घ्या. ठसा दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या टोकाकडे, वरच्या धारेवर आला तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम वाढवा. मुळाशी आला तर जवळ आहे, शिम कमी करा. ठसा दाताच्या लांबीत आत किंवा बाहेर सरकला असेल तर क्राऊन डावा-उजवा सरकवून मोकळीक बदला. हे सगळं नव्या जोडीसाठी.

दातच गेले असतील तर जुन्या बाजारातलं अख्खं डिफ्रन्शियल बहुतेकदा नव्या जोडीपेक्षा शहाणपणाचं ठरतं, कारण ती जोड बसवणारा हात नव्या क्राऊन-पिनियनइतकाच महाग आणि दुर्मीळ आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाताना टॉर्च, फडकं आणि कागद न्या. फ्लँजची चाल पाहा, हाताने फिरवून खरखर ऐका, आणि क्राऊन व पिनियनचे दात मोजा. क्राऊन ४३ आणि पिनियन ८ असेल तर गुणोत्तर ५.३८, विलिस जीपचं. तुमचं गुणोत्तर घरूनच काढून न्या: मागचं एकच चाक उचला, गिअर न्यूट्रल, चाक २० वेळा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. त्याला १० ने भागलं की गुणोत्तर. चाक २० वेळा आणि भागायचं १० ने, कारण दुसरं चाक थांबलेलं असताना क्राऊन निम्मेच फेरे घेतो.

पुढच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर मागच्याशी जुळलंच पाहिजे. न जुळणारं बसवलं तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये काही कळणार नाही, पण फोर-व्हील घातला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस मोडेल. जुनी १ लिटरची जिप्सी आणि किंग यांचे भाग सारखेच असतील असं गृहीत धरू नका. दात मोजा.

प्रश्न: १४० नंबरचं तेल किंवा एखादं ‘आवाज बंद’ औषध टाकलं तर? (एक वाचक, अहिल्यानगर)

आवाज दबेल, झीज चालूच राहील. गाडी विकणारे जाड तेल घालतात ते त्याचसाठी. जुनी गाडी विकत घेताना उलट करा, गाडी तासभर पळवून तेल पातळ झाल्यावर ऐका.

प्रश्न: पावसाळ्यात नदीतून गाडी काढली. मागचं तेल दुधाळ झालंय, आवाज अजून नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

आवाज यायच्या आत बदला, आजच. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून किंवा ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, पाणी ओढून घेतो. दुधाळ तेल काढा, स्वस्त ९० नंबर भरून चार-पाच किलोमीटर फिरवा, तेही काढा, मग चांगलं भरा. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर साफ करा आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक चासीवर, मागच्या दिव्याच्या उंचीला बांधा. क्लॅम्प लावायला विसरू नका. हे काम अर्ध्या तासाचं, आणि त्यातली सगळ्यांत महाग वस्तू तो क्लॅम्प. पुढचा अ‍ॅक्सलही त्याच पाण्यातून गेला आहे, त्याचंही तेल बघा.